कोरडं आवतण

"ज्या समाजाला आपल्या आवाजांची नावं ठाऊक नाहीत, तो समाज बोलत असला तरी मुका आहे!"

हे वाक्य भगवंत गुरुजींनी १९९९ सालच्या चैत्रात, निमगाव साव्यातल्या आपल्या पडवीत बसून, नियोजित 'आवाजकोशा'च्या प्रस्तावनेसाठी लिहिलं. लिहून झाल्यावर ते त्यांनी स्वतःलाच एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं. अंगावर काटा आला म्हणून कागद उलटा करून ठेवला. मागच्या बाजूला चौथीची जुनी उत्तरपत्रिका होती. तिथं 'विरुद्धार्थी शब्द लिहा : आवाज' यापुढे एका पोरानं 'मार' असं लिहिलं होतं, आणि चौदा वर्षांपूर्वी खुद्द गुरुजींनीच त्याला अर्धा गुण दिला होता.

निवृत्त झालेला मास्तर गावाला तसा उपद्रवीच. कोणी सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहतो, कोणी देवळाला नको तो रंग देतो. त्या मानानं गुरुजींनी गावाला कमी छळलं. त्यांनी फक्त माणसं कोणत्या आवाजात बोलतात त्याचे शब्द गोळा करायला घेतले. नळावर दोन बायकांची जुंपली की गुरुजी पेनाचं टोपण काढून जवळ जाऊन उभे राहत. त्यामुळे नळावरची भांडणं लवकर मिटू लागली आणि गुरुजींचं काम अडू लागलं.

तरी दीड वर्षात एकशे बेचाळीस शब्द जमले होते. प्रत्येकाचा अर्थ, आणि जमेल तिथं मूळ. 'तुसडा' हा शब्द त्यांनी आहुप्याला नोकरीत असताना ठमाबाई नावाच्या म्हातारीकडून पक्का करून घेतला होता. भात कांडता कांडता ती म्हणाली होती, "मास्तर, भाताचं तूस घशात अडाकलं की जसं व्हतं, तसा बोलतो तो तुसडा." गुरुजींनी तेवढ्यावर ठमाबाईला मनातल्या मनात पदवी देऊन टाकली. 'फणकारा' त्यांनी नागाच्या फण्याशी जोडला होता आणि उदाहरणादाखल कोणाचंही नाव न घालता 'गृहानुभव' एवढंच लिहिलं होतं. 'खवचट' हे खवट शेंगदाण्याचं भावंड असावं, असा त्यांचा संशय होता. 'खेकसणे' या शब्दाचं खेकड्याशी नातं लावायचा मोह त्यांनी आवरला, कारण खेकडा मुका असतो. 'किनरा'पाशी मात्र ते अडले होते. स्वर्गातले गवई ते किन्नर, आणि त्यांच्या नावावरून शब्द पडला तो कानठळ्या बसवणाऱ्या चिरक्या आवाजाला! पूर्वी कोणीतरी त्यांचं गाणं प्रत्यक्ष ऐकलं असावं, अशी टीप गुरुजींनी खाली दिली होती.

असा हा आवाजाचा जाणकार माणूस. आणि त्याच्या एकुलत्या एका पोरीचं, वृषालीचं, लग्न आवाजापायी अडलं.

त्याचं असं झालं. लग्न वैशाखात ठरलेलं. वृषालीचा मामा, म्हणजे गुरुजींच्या बायकोचा, सरूबाईचा, थोरला भाऊ दादाभाऊ, आंबेगाव तालुक्यात लोणीला राहतो. मामाचं आवतण पत्रिका पाठवून होत नाही. स्वतः जाऊन, कुंकू लावून, अक्षता देऊन 'चूलबंद' सांगावं लागतं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी मांडवात जेवायला यायचं. गुरुजी सोपानच्या एम-एटीवर मागं बसून पारगाववरून लोणीला गेले. सोपान हा शेजारचा, गाडीसकट कोणाच्याही कामाला येणारा माणूस. वाटेत गुरुजींनी विचार केला, की एवढा अभ्यास केला तो काय फक्त कागदावर ठेवायला? आवतण कोणत्या आवाजात द्यावं? 'लाडिक' वयाला शोभत नाही. 'आर्जवी'त लाचारी येते. शेवटी त्यांनी 'ऋजू' निवडला. सरळ, स्वच्छ, वर-खाली न होणारा.

लोणीला दादाभाऊच्या ओट्यावर बसून ते म्हणाले, "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी वृषालीचा विवाह अठरा तारखेला योजला आहे. आपण सर्वांनी सहकुटुंब यावं. चूलबंद आहे." कुंकू लावलं, अर्धा कप चहा घेतला, आणि आणखी चार गावं उरकायची म्हणून उठले. दादाभाऊ "बरं" म्हणाला. गुरुजी आपल्या आवाजावर खूश होऊन परतले.

पुढच्या सोमवारी सोपान बेल्ह्याच्या बाजारातून आला तो गाडी बंद न करताच अंगणातून ओरडला, "गुरुजी, घोटाळा झाला! लोणीचं पावणं न्हाई येणार म्हणत्यात!"

सरूबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. "कोण न्हाई येणार?"

"दादाभाऊ. बैलबाजारात गाठ पडली. म्हणालं, दाजी कोरडं आवतण देऊन गेलं. म्हणालं, आमच्या गावाला पाऊस कोरडा, हिरी कोरड्या, आन् आता दाजीबी कोरडंच. आमी न्हाई येत. लगीन करा म्हणावं सुखानं."

"सुखानं म्हणाला?" सरूबाईनं विचारलं.

"सुखानं म्हणालं."

सरूबाई उंबऱ्यावर बसली. "मग लईच लागलंय त्याला."

आतून वृषाली आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती बापाकडं बघत नुसती म्हणाली, "आण्णा, पाठीमागं मामा उभा नसला तर मी पाटावर उभी राहणार नाय." आणि आत गेली. हे वाक्य कोणत्या आवाजात आलं, ते टिपायची गुरुजींची आयुष्यात पहिल्यांदाच हिंमत झाली नाही.

त्यांनी कोश उघडला. 'कोरडा' शब्द होता. पुढे त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलेलं : 'अर्थ उघड. शोध घेण्याची गरज नाही.'

"तुमी नेमकं कसं बोल्लात ते मला बोलून दावा," सरूबाई म्हणाली.

गुरुजी ताठ बसले. घसा साफ केला. लोणीला म्हटलेली वाक्यं त्यांनी जशीच्या तशी, त्याच स्वच्छ आवाजात म्हणून दाखवली. ओट्यावर सोपानचा चुलतभाऊ हौशीराम तंबाखू मळत बसला होता. त्याचा हात थांबला. सोपाननं गाडी बंद केली.

"आगं बया," सरूबाई म्हणाली. "हे आवतण हाय का बँकेची नोटीस?"

"त्यात वाईट काय होतं? मी एकही शब्द वावगा—"

"वावगा शब्द न्हाई बोल्लात हीच तर बोंब हाय! अवं, आमच्या आबांनी आवतण दिलं की चार घरं लांब ऐकू जायचं. 'काय रं दगडा, म्हैना झाला तोंड न्हाई दावलंस, मेलास का जिता हायेस? पोरीचं लगीन हाय. चुलीतनं धूर निघालेला दिसला तर लाथंनं इझवीन!' असं म्हणायचं. मग पावणं म्हणायचं, 'न्हाई जमायचं, ऊस तोडायला आलाय.' मग आबा म्हणायचं, 'घाल तो ऊस खड्ड्यात.' मग पावणं खूश. तुमी तर एकदा म्हणून चहा पिऊन उठलात! त्याला वाटलं, दाजीला आमी यायलाच नकोय. नुसती रीत उरकली."

"पण हे तर भांडण झालं," गुरुजी म्हणाले.

"आपलं माणूस हाय म्हणून भांडायचं! परक्याला गोड बोलायचं असतं."

गुरुजींनी नकळत पेन उचललं. सरूबाईनं बघितलं. त्यांनी पेन ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी लोणीला परत जायचं ठरलं. पण आधी तालीम झाली पाहिजे, असं सोपाननं सुचवलं. दादाभाऊचं काम हौशीरामनं घेतलं, आणि जरा जास्तच मनावर घेतलं. बाजेवर मांडी घालून, मिशीला नसलेला पीळ देत तो म्हणाला, "न्हाई जमायचं दाजी. ऊस आलाय तोडायला."

"लोणीला ऊस कुठाय?" सोपान म्हणाला.

"मग बाजरी समज."

"वैशाखात बाजरी?"

"आरं, नाय जमायचं म्हणतोय ना मी! बोला गुरुजी."

गुरुजी उभे राहिले. "का रे दगडा," ते म्हणाले, "एक महिना झाला, तू तोंड दाखवलं नाहीस."

"गुरुजी, हजेरी घेताय का?" हौशीराम म्हणाला.

"मेलास की जिवंत आहेस?"

"उपस्थित!" सोपान म्हणाला आणि बाजेवर आडवा होऊन हसला.

सात वेळा तालीम झाली. सातव्या वेळी 'लाथेने विझवीन' म्हणताना गुरुजींचा पाय थोडासा उचलला गेला, एवढीच काय ती प्रगती. तेहेतीस वर्षं गुरुजी पोरांवर ओरडले होते, पण ते सरकारी पगारातलं ओरडणं. त्याला 'करडा' म्हणतात आणि त्याची नोंद कोशात पान अकरावर आहे. घरच्या माणसावर हक्कानं ओरडायचं काम त्यांनी लग्न झाल्यापासून सरूबाईवर सोपवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर सोपानची एम-एटी लोणीला पोचली. दादाभाऊ ओट्यावरच होता. गुरुजींना बघून तो उठून उभा राहिला आणि हात जोडले.

"या. बसा. आपण कधी निघालात?"

पंचवीस वर्षांत ज्या माणसानं 'दाजी, सरका की जरा' याच्यापलीकडं मान दिला नव्हता, तो आज 'आपण' म्हणत होता. कोशात शंभर शब्द होते अपमानाचे, पण 'आपण' त्यात नव्हता.

"आगं, पाहुण्यांना पाणी आण," दादाभाऊ आत बघून म्हणाला. 'पाहुण्यांना' म्हणाला. 'पावण्यांना' नाही. लोणीचा माणूस एवढं शुद्ध बोलतो तेव्हा समजावं, की दार लागलेलं आहे.

दादाभाऊची बायको लंकाबाई पाणी घेऊन आली, आणि नवऱ्याकडं डोळे वटारून आत गेली.

गुरुजी उठले, पाठ केलेलं म्हणू लागले. "का रे दगडा..." सोपाननं मान खाली घातली. गुरुजी शेवटपर्यंत गेले. धूर आला, लाथ आली, ऊससुद्धा आला, जो दादाभाऊ म्हणाला नव्हता.

"पाठांतर ब्येस हाय आपलं," दादाभाऊ म्हणाला. "सरूनं करून घेतलं वाटतं."

मग गुरुजींनी ते केलं, जे विद्वान माणूस अडचणीत सापडल्यावर करतो. त्यांनी शब्दाची व्युत्पत्ती सांगायला घेतली.

"दादाभाऊ, आपण जो शब्द वापरलात, 'कोरडा', त्याचा मी काल रात्रभर विचार केला. ज्यात ओल नाही ते कोरडं, हा एक अर्थ. पण कोरडा म्हणजे चाबूकसुद्धा. कोरडे ओढणे, असं आपण म्हणतो. आता हे दोन शब्द मुळात वेगळे की एकच, याविषयी—"

"मग आमाला दोन्ही बसले म्हणायचे," दादाभाऊ शांतपणे म्हणाला. "चहा घेणार का आपण? आर्धा?"

त्या 'आर्ध्या'त मागच्या खेपेचा अर्धा कप तसाच्या तसा आणून पुढं ठेवला होता. गुरुजी खाली बसले. पोरीला काय तोंड दाखवायचं, हा विचार करत त्यांनी मान वर केली, आणि उघड्या दारातून त्यांना आतली भिंत दिसली.

खुंटीवर नवाकोरा सदरा लटकत होता. काजं करताना शिंप्यानं सोडलेले दोरे अजून तसेच होते. शेजारी गुलाबी फेट्याचं कापड, कागदातून अर्धं बाहेर आलेलं. आणि खाली पाटावर तांब्याचा हंडा. चिंचेनं घासून लखलखीत केलेला. हंड्यावर 'चि. सौ. कां. वृषालीस मामाकडून सप्रेम' एवढं कोरलेलं ओट्यावरून वाचता येत होतं.

गुरुजी हळूहळू उभे राहिले.

"हे काय हाय?"

"कुटं काय?"

"दाद्या!"

हा शब्द कुठून आला ते सोपानला कळलं नाही. गुरुजींनी लोणीच्या कोणा माणसाला, किंबहुना कोणत्याच माणसाला, अशी हाक मारलेली त्यानं ऐकली नव्हती.

"दाद्या, हंडा काय तुझ्या तेराव्याला घेतलायस? फेटा आणून ठिवतो, सदरा शिवून ठिवतो, आन् वरनं मला आपण-आपण करतो व्हय रं? माझी पोर कालधरनं जेवली न्हाई! मामा न्हाई तर पाटावर उभी न्हाई राहत म्हणून बसलीया! तुझ्या खांद्यावर बसून बैलगाड्याच्या शर्यती बघितल्या तिनं, माझ्या न्हाई! आन् तू हितं भिंतीला नवा सदरा टांगून माझी परीक्षा घेत बसलायस? आरं, दोन गोष्टी कमी बोललो तर तू येऊन माझं मुंडकं धरायचं व्हतंस! बैलबाजारात निरोप काय देतोस, मी काय बैल हाय?"

"मग त्या दिशी हे बोलायला जिभंला काय फोड आला व्हता?" दादाभाऊही उठला. त्याचा आवाज गुरुजींच्या दुप्पट. "पंधरा मिंटात उठलात! माझ्या भणीच्या पोरीचं लगीन, आन् मला सांगताय पोस्टमनवानी?"

"मी ऋजू बोलत व्हतो!"

"कसले रुजू? रिटायर झालाय ना तुमी?"

"ते सोड! अठरा तारखेला तुझ्या चुलीतनं धूर निघाला तर आख्खी घागर वतीन! म्हातारी, पोरं, कुत्रं, सगळ्यांला घिऊन यायचं! आन् अठराला न्हाई, सोळालाच यायचं! मांडवाच्या मेढी काय मी एकला रोवू?"

"सोळाला मला टाइम न्हाई!"

"घाल तुझा टाइम खड्ड्यात!"

एवढ्यात आवाज ऐकून शेजारचा धर्माजी आणि त्याच्या मागून आणखी पाचसहा माणसं धावत आली. धर्माजीनं गुरुजींचा दंड धरला, दुसऱ्या कोणी दादाभाऊला मागं ओढलं. "सोडा राव, सोडा! सोयरेधायरे हायेत, भांडू नगा!"

लंकाबाई दारात आली. पदर डोळ्याला लावला होता, पण ओठ हसत होते. "भांडण न्हाई वं," ती म्हणाली. "आवतण चाललंय."

"आसं व्हय," धर्माजी म्हणाला, आणि दंड सोडून ओट्याच्या कडेला बसला. "मग चालू द्या."

पण आता चालवण्यासारखं काही नव्हतं. दादाभाऊनं गुरुजींना बाजेवर खाली ओढून बसवलं, आणि त्यांच्या पाठीत असा एक गुद्दा घातला, की गुरुजींचा चष्मा नाकावर आला. "दाजी," तो म्हणाला, "पंचवीस वर्सं वाट बघत व्हतो. तुमी आमचं हायेत का सरकारचं, तेच कळत नव्हतं. लंके, गुळाचा चहा टाक. भरून कप. सोळाला निघायचंय. आन् पोरीच्या नव्या परकराचं बघ."

"सोळाला टाइम न्हाई म्हणालात," सोपान म्हणाला.

"तुला काय कळतंय?" दादाभाऊ म्हणाला.

चहा आला. गुरुजींनी भरलेला कप हातात धरला. जे झालं त्याचा आनंद व्हायला थोडा वेळ लागत होता. मग तो आला. पण तो आनंद पोरीच्या बापाचा असायला हवा होता, त्यात कोशकार घुसला. गुरुजींनी कप खाली ठेवला, पिशवीतून वही काढली आणि ते ओट्यावर उभे राहिले.

"थांबा," ते म्हणाले. "आत्ता मी ज्या आवाजात बोललो, त्याला काय म्हणतात?"

माणसं एकमेकांकडं बघू लागली.

"कालवा," कोणी म्हणालं.

"कालवा हा गोंगाट झाला. मी माणसाच्या एका विशिष्ट स्वराविषयी बोलतोय."

"तणतण?" धर्माजी म्हणाला.

"तणतणीत प्रेम नसतं."

"आमच्यात नुसतं बोलणंच म्हणत्यात त्याला," दादाभाऊ म्हणाला.

गुरुजींचे डोळे चमकले. आवाज पुन्हा चढला, आणि या वेळी तो आवरायची त्यांना गरज वाटली नाही. "बघा! एकशे बेचाळीस शब्द गोळा केले मी. रागाला शब्द आहेत, कपटाला आहेत, लाडाला आहेत, भीतीला आहेत. पण आपल्या माणसावर हक्कानं ओरडण्याला, ज्या ओरडण्यावाचून मांडव उभा राहत नाही, चूल बंद होत नाही, त्या आवाजाला अख्ख्या मराठीत शब्द नाही! मंडळी, हा शब्द आज या ओट्यावर जन्मला पाहिजे! लोणीच्या या मातीत—"

मंडळींनी माना वर केल्या. दादाभाऊ फेट्याचं कापड हातात घेऊन उभा राहिला. सोपानलासुद्धा वाटलं, की काहीतरी होणार आता.

तेवढ्यात घरामागच्या गोठ्यात धार काढायला बसलेल्या लंकाबाईचा आवाज आला.

"दाजी, जरा हळू बोला की. म्हस पान्हा चोरतीया."